भानुदासचा आकडा

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. नगरच्या एका हॉस्पिटलात मी अकरा वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथे, टेक्निशियन आहे. स्क्रीनवर दिसतं तेवढंच खरं मानायची सवय. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. एकाच सकाळी हार्ट अ‍ॅटॅकचे दोन पेशंट आले. दोघांनाही स्टेंट बसवला. पण मोठी रक्तवाहिनी मोकळी झाली म्हणजे सगळं झालं असं नसतं — हृदयातल्या केसाहून बारीक वाहिन्याही त्या झटक्यात बिघडतात. किती बिघडल्यात ते आमचे हृदयतज्ज्ञ सर एक बारीक तार आत घालून मोजतात. आकडा कमी आला तर पेशंट सहसा लवकर सावरतो. जास्त आला तर पुढे धोका.

तिसगावच्या भानुदासचा आकडा छान कमी होता. रिपोर्ट बघून आयसीयूच्या डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवायचं ठरवलं. दुपारी मी त्यांच्या बहिणीला गाठलं. शेवंतामावशी, आठवडेबाजारात बांगड्या भरतात.

"मावशी, रिपोर्ट चांगलाय. उद्या वॉर्डात."

त्या माझ्यामागून आयसीयूत आल्या. बांगडी चढवताना दाबतात तसा भावाचा पंजा दाबत बसल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हा आकडा ह्याचा न्हाई."

"म्हणजे?"

त्या पुन्हा भावाचा पंजा दाबू लागल्या. शेजारच्या सिस्टरने चमकून माझ्याकडे पाहिलं. कारण मी त्यांना फक्त रिपोर्ट म्हणाले होते... आकडा हा शब्दसुद्धा काढला नव्हता!

हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मी कॅथलॅबमध्ये परतले, मशीनमधलं मूळ रेकॉर्डिंग उघडलं, रिपोर्टशी ताडून पाहिलं. गडबडीत रिपोर्टात मीच दोघांची नावं उलटी टाकली होती. भानुदासचा खरा आकडा खूप जास्त होता.

तडक सरांना सांगितलं. बोलणी खाल्ली, खायलाच हवी होती. भानुदासना आयसीयूतच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं, श्वास घेता येईना... तिथे होते म्हणून वाचले. आता हिंडतात-फिरतात, पण लवकर दमतात.

मावशींचं वाक्य सांगितलं तर सर म्हणाले, "हात गार लागला असेल तिला." असेलही. पण आकडा?

डिस्चार्जच्या दिवशी मी मावशींनाच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"काय कळलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, हा आकडा ह्याचा न्हाई."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी? न्हाई वो ताई. मी तर त्याचा हात धरून नुसती रडत हुते. मला कसला आकडा कळतोय?"

सिस्टरला विचारलं. तिने तेच वाक्य सांगितलं, शब्दन् शब्द.

मावशी खोटं बोलत नव्हत्या, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि आवाज त्यांचाच होता, हे मी शपथेवर सांगते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, ते मला अजून कळलेलं नाही.