दोन हातांची मूठ

"दाबा."

दुकानात पाऊल टाकलं की ते आधी हातावर ओल्या मातीचा गोळा ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे. विळा हवा, कुऱ्हाड हवी, काय हवं ते नंतर. तापीकाठची ती चिकण माती बोटांच्या फटींतून वर यायची. मग गोळा उजेडाकडे धरून ते त्यातल्या ठशांशीच बोलल्यासारखं बोलायचे.

"शेठ, केळीचा घड कापायचा आहे का देठाला गुदगुल्या करायच्या? जोरानं दाबा ना."

आधी मुठीचा ठसा, मग पातं, ही त्यांची रीत. त्यांचा विळा ज्याचा त्यालाच बसायचा. फोपनारचे केळीवाले म्हणत, भावाभावांत शेत वाटता येतं, मिस्त्रीचे विळे वाटता येत नाहीत.

मिस्त्री. सारा बुधवारा मोहल्ला त्यांना याच नावानं हाक मारायचा. असा एखादा कारागीर तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याच्याकडे जातो ते कामापेक्षा त्याचं बोलणं ऐकायला. आज मात्र त्यांच्या दुकानाच्या बोळाला लोक तलवारवाल्याचा बोळ म्हणतात. गेल्या महिन्यात रिक्षावाल्या पोरानं मला तिथं उतरवताना विचारलं, "बाबा, इथंच राहायचा ना तो? दंग्यासाठी तलवारी बनवायचा तो?"

मी म्हटलं, "हो, इथंच." आणि उतरलो. एवढ्या वर्षांनंतरही तोंडातून एवढंच निघालं. म्हणून हे लिहायला बसलो.

मिस्त्रींनी जन्मात एकच तलवार बनवली. तिचा नक्शा मी काढला होता.

संस्थानं विलीन होत होती ते दिवस. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, अजून कायम झालो नव्हतो. निजामाच्या हद्दीकडून रोज नवी बातमी यायची, आणि संध्याकाळपर्यंत तिची चार रूपं व्हायची. दुकानं लवकर बंद होत. दारावर थाप पडली की आई आधी खिडकीतून बघायची. घरात असतील ती हत्यारं ठाण्यात जमा करा, अशी दवंडी फिरली होती. आमच्या शेजाऱ्यानं तर भीतीनं नारळ फोडायचा कोयताही नेऊन दिला.

अशा दिवसांत सातपुड्यातल्या एका लहानशा संस्थानाचा म्हातारा जमादार मिस्त्रींच्या दुकानात आला. मी तिथंच बसलो होतो. दसऱ्याला गादीपुढे देवीची तलवार उभी धरून चालायचा मान त्याच्या घराण्याचा होता. जुनी तलवार खजिन्याबरोबर सरकारजमा झाली होती. राजेसाहेबांनी शेवटच्या दसऱ्यासाठी नवी करायला सांगितलं होतं.

"दाबा," मिस्त्री म्हणाले.

जमादारानं डावा हात पुढे केला.

"उजवा द्या ना, जमादार. देवीची तलवार डाव्या हातात धरता का?"

त्यानं उजव्या हातात गोळा घेतला. आम्ही वाट पाहत होतो. गोळा होता तसाच राहिला. वर चार बोटांच्या पुसट खुणा, पाखरू बसून गेल्यासारख्या. जमादारानं झटकन अंगठ्यानं त्या पुसल्या.

"लकवा मारून गेला," तो खाली बघत म्हणाला. "घरी बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. कळलं तर मान दुसऱ्याला जाईल. आणि नाही कळलं, तर भर मिरवणुकीत हातातून पडेल. देवीची तलवार, मिस्त्री. शेवटच्या वेळची."

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं नाही. निखारे फुललेले होते तरी उगाच भाता ओढत राहिले.

मग जमादारानं डाव्या बोटानं जमिनीवरच्या राखेत आकृती काढली. त्यानं सारं मनाशी ठरवूनच आणलं होतं. पातं रुंद, सरळ, बिनधारेचं. मूठ दोन हात बसतील एवढी लांब; डावा खाली भार घेईल, उजवा वर नुसता टेकेल. उजव्या पंज्याला आडोसा म्हणून वाटीसारखी परज, म्हणजे बोटं सैल पडली तरी लोकांना दिसायची नाहीत.

"लोक काय म्हणतील?" त्यानं विचारलं.

"म्हणतील, यंदाची तलवार भलतीच मोठी आहे," मिस्त्री म्हणाले. "आणि जमादारात अजून केवढा दम आहे! माट्साब, तुम्ही नुसते पाहून काय राहिले? काढा ना कागदावर. मला राखेतलं उचलून ऐरणीवर ठेवता येत नाही."

मी घरून मोठा कागद आणला आणि मापाबरहुकूम नक्शा काढला. खाली सही करायचा मोह झाला होता. केली नाही, एवढं नशीब, असं पुढं कितीतरी दिवस मला वाटत होतं. त्या वाटण्याचीही आज लाज वाटते.

नक्शाचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हा मिस्त्रींनी माझ्याही हातावर गोळा ठेवला. "पेन्सिलीला चाकू करून देतो. दाबा. अहो, विंचू धरल्यासारखं काय धरता? चाकू आहे तो, डसणार नाही."

पातं तयार झालं, मूठ चढायची होती. एके दिवशी मी शाळेतून येत होतो तर बोळाच्या तोंडाशी शिपाई उभा. "आप मास्टर हैं ना? चलिए, पंच चाहिए." मी त्याच्यामागून गेलो.

दुकानात ठाणेदार ऐरणीवर पाय ठेवून उभा होता. समोर ते लांब पातं, आणि शेजारी अंथरलेला माझा नक्शा.

"ये किसके लिए बन रही है?"

"दसऱ्याची आहे, साहेब. देवीपुढे धरायची. धार लावायचीच नाही तिला."

शिपाई हसले. ठाणेदारानं पात्यावरून नख फिरवलं आणि पंचनामा लिहिणाऱ्याला सांगितलं, "लिखो, धार लगाना बाकी."

मिस्त्रींची नजर फळीवर गेली. तिथं जमादाराच्या मुठीचा, नंतर दोन्ही हातांनी दाबून घेतलेला, मातीचा ठसा वाळत होता; खाली खोल बोटं, वर पुसट. दोन हात का लागतात ते त्या ठशात कोणालाही दिसलं असतं. पण त्यांनी तिकडून नजर काढून घेतली. लकव्याचं कोणाला कळू देणार नाही, असा जमादाराला त्यांनी शब्द दिला होता. झडती घेताना एका शिपायाच्या कोपरानं तो ठसा खाली पडला, आणि मग सगळे त्यावरूनच फिरले.

"और ये नक्शा? किसने बनाया?"

माझ्या कानांत भात्यासारखा आवाज होत होता. जमादाराचं काहीच सांगायची गरज नव्हती. नक्शा मी काढला, तलवार दसऱ्याची आहे, धार लावायची नाही, एवढंच बोलायचं होतं. माझ्या शब्दाला तेव्हा थोडी किंमत होती, म्हणूनच तर पंच म्हणून आणलं होतं.

"मीच काढला," मिस्त्री म्हणाले.

"तू? पढ़ा-लिखा है?"

"रेघ मारायला वाचता कशाला यायला पाहिजे, साहेब?"

ठाणेदारानं पंचनामा माझ्यापुढे सरकवला. दोन हातांनी वार करण्याचं शस्त्र, धार लावणे बाकी. मी सही केली. माझाच नक्शा जप्त झाल्याचा साक्षीदार मी.

त्यांना नेलं. तलवारी गुप्तपणे कोणाला पुरवल्या जात होत्या, याच्या गोष्टी त्याच संध्याकाळी बुधवाऱ्यात तयार झाल्या. ज्याच्या त्याच्या घरात मिस्त्रींचा विळा होता, तरी गोष्टी झाल्या. शाळेत मुलांना घडा काढायला सांगून मी दाराकडे बघत बसे. आता शिपाई येईल, मिस्त्रींनी नाव सांगितलं असेल. शिपाई आला नाही. त्याचं सुख वाटायचं, आणि घरी ताटावरून तसाच उठायचो.

दसरा तोंडावर आला आणि जमादार तलवार न्यायला आला. दुकान बंद. कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी त्याला सगळं सांगितलं, नक्शा मिस्त्रींनी स्वतःवर घेतला ते सोडून.

"ठाणं कुठं आहे?" त्यानं विचारलं.

मी त्याला ठाण्याच्या समोरच्या पानाच्या टपरीपर्यंत नेलं. पुढं गेलो नाही. ठाण्याच्या ओसरीवर ठाणेदार खुर्ची टाकून बसला होता, भोवती माणसं होती, बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू येत होतं.

"कौन सी रियासत? वो तो अब है ही नहीं. कागज़ है कोई?"

जमादाराकडे कागद नव्हता. त्यानं ठाणेदाराच्या टेबलावरचा पाण्यानं भरलेला तांब्या उजव्या हातानं उचलला, सगळ्यांसमोर. तांब्या टेबलावरून वर आला न आला तोच सुटला, आणि पाणी त्याच्या अंगरख्यावरून खाली गेलं.

"म्हणून दोन हातांची," तो म्हणाला.

मिस्त्रींना त्या दिवशी सोडलं. पातं ठाण्यातच राहिलं. जमादार तसाच ओल्या कपड्यांनी बसस्टँडकडे निघाला. त्या दसऱ्याला गादीपुढे कोण चाललं, मला माहीत नाही. विचारायला मी कधी गेलो नाही.

मिस्त्री दोन दिवसांनी माझ्या दारात उभे होते. दाढी वाढलेली. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी खिशातून चाकू काढला.

"माट्साब, हा राहूनच गेला होता."

मी चाकू घेतला. बोटं आपोआप जागेवर गेली. "मिस्त्री, तुम्ही माझं नाव..."

"धार जपून," ते म्हणाले. "याला लावली आहे." आणि हसले. आत्ता लिहितानाही ते हसू मला नीट बघवत नाही.

पुढं मी शाळेत कायम झालो. त्यांच्याकडची गर्दी हळूहळू ओसरली. लोक विळे बाजारातून तयार आणू लागले. मी जायचो, तर माझ्या हातात भात्याची दोरी द्यायचे, म्हणजे बोलायची सोय उरायची नाही. मग दुकान विकून ते फोपनारला मुलीकडे राहायला गेले, आणि तिथंच वारले. दुकानाच्या जागी आता रिक्षा दुरुस्त होतात.

चाकू माझ्याजवळ आहे. इतकी वर्षं त्यानंच पेन्सिलींना टोक केलं. हे लिहिण्यासाठीही आज सकाळी एकीला टोक करायला घेतलं. आता हात फार थरथरतो. चाकू धरला की पातं पेन्सिलीला सोडून भलतीकडे जातं. शेवटी पेन्सिल टेबलाच्या फटीत रोवली आणि चाकू दोन्ही हातांनी धरायला गेलो. उजवी बोटं त्यांच्या खाचांत बसली. डाव्या हाताला त्या मुठीवर जागाच नाही.