उजवीकडचं एक बटण

सकाळी दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रो पकडली की महिलांच्या डब्यातली कोपऱ्याची जागा मी धरते आणि दिवसभराच्या कामांची उजळणी करते. एका आठवड्यात शेजारी रोज एक बाई असायची. चाळिशीची, दमलेल्या डोळ्यांची, मांडीवर लॅपटॉप आणि उजवा हात शालीखाली. लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती एकेक शॉर्टकट डाव्या हाताच्या टप्प्यात आणत होती. भाषा बदलणं एफ-टूवर, स्क्रीनशॉट एफ-थ्रीवर, स्क्रीनवरची खिडकी बंद करणं एफ-फोरवर. बोट घसरलं की खिडकी मिटायची, आणि ती उसासा टाकून पुन्हा उघडायची.

मला राहवेना. "बंद वाले में कंट्रोल भी जोड़ दीजिए ना. गलती से नहीं दबेगा."

"अच्छा, ये ठीक है," म्हणत तिने लगेच तसं केलं. मग म्हणाली, "लकवे के बाद हाथ को मनाते-मनाते थक गई, दीदी. अब कीबोर्ड को मना रही हूं. सोमवार से ऑफिस है. नहीं हुआ तो किसी और को रख लेंगे."

शुक्रवारी सगळं डावीकडे आलं होतं. फक्त आवाज वाढवायचं बटण अजून उजव्या टोकाला, एफ-ट्वेल्व्हवर होतं. मी तिकडे बोट दाखवलं.

"वो इसका है," शालीकडे बघत ती म्हणाली. "बिल्कुल खाली बैठेगा तो बुरा मान जाएगा."

तिने डाव्या हाताने उजवा उचलला, त्याचं बोट एफ-ट्वेल्व्हवर ठेवलं, आणि तिचं स्टेशन येईपर्यंत आम्ही दोघी त्या बोटाकडे बघत राहिलो.