खाली साहेबांचं नाव

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तो चप्पल काढायचा. ऑफिसातल्या थंड खोलीत एक वेळ ठीक, पण आमच्या सुकवणीच्या शेडमध्येही काढायचा. अंबरनाथचा रंगाचा कारखाना तो, जमिनीवर सगळीकडे भुकटी. सोमवारी त्याचे तळवे लाल, तर गुरुवारी निळे. देवळात बसावं तसा मशीनसमोर बसायचा आणि म्हणायचा, "हो जाएगा, मावशी. टेन्शन नको."

असं म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हातून काम होतंही. कुणाचं होतं, ते नंतर कळतं.

तो उल्हासनगरचा सिंधी, पन्नाशीचा, कारखान्याचा कॉम्प्युटरवाला. मीही उल्हासनगरचीच. मी त्याला मुद्दाम शेठ म्हणायचे, कारण त्याच्या खिशात पेन आणि कागदात बांधलेला पापड यापलीकडे काही नसायचं. "शेठ, पापड काढा," म्हटलं की मोडायचा आणि मोठा तुकडा मला द्यायचा.

आमची शेड आणि कॉम्प्युटर दोन्ही ज्यांच्या हाताखाली, त्या साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने कॉम्प्युटरवर सगळ्यांची मिळून एक वही केली. तिला तो विकी म्हणायचा. "आमच्या गल्लीत तीन विकी आहेत, एकही कामाचा नाही," असं मी त्याला सांगितलं. तो हसला, मग समजावलं. ज्याला जे येतं ते त्याने लिहायचं, चुकलं तर दुसऱ्याने सुधारायचं, आणि पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव राहणार.

मी चौथी पास. वीस वर्षं सुकवणीला, ठेकेदाराकडून. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि मी एका बोटाने चौदा पानं लिहिली. भुकटी सुकली की नाही ते बोटांत चोळून कसं ओळखायचं. कोपऱ्यातला ट्रे शेवटी का काढायचा. पंखा पूर्ण थांबेपर्यंत भट्टीचं दार का उघडायचं नाही. हे शेवटचं मी डोळे जाळून घेऊन शिकले होते. प्रत्येक पानाखाली माझं नाव. रेशनकार्डावर असतं तसं नवऱ्याच्या खाली नाही. एकटं.

मग पासवर्डांचा घोळ झाला. हजेरीचा वेगळा, मेलचा वेगळा, वहीचा वेगळा. लोक भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे. साहेब म्हणाले, सगळ्याला मिळून एकच करा. तयार मिळणारं काही आमच्या वहीला बसेना, म्हणून त्याने स्वतःच जोडणी लिहिली. तीन आठवडे डोकं वर काढलं नाही. हजेरीच्या यादीतलं नाव आणि पासवर्ड एकदा दिला की वहीही उघडणार. सुरू करायच्या दिवशी पेढे आणले होते.

मी नाव घातलं. वही उघडेना. असं कुणी यादीत नाही, म्हणाली.

"स्पेलिंग बघा, मावशी."

"माझं नाव मला लिहिता येतं."

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. ती यादी कंपनीच्या पक्क्या माणसांची. आम्हा बायांची हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर, कागदावर. रोज आमच्यात बसून पापड खाणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं.

"आणि माझी पानं?"

"पानं सेफ आहेत ना."

उघडून दाखवली. चौदाच्या चौदा पानांखाली साहेबांचं नाव. जोडणी करताना त्यानेच नियम घातला होता: लिहिणारा यादीत नसेल, तर त्याचं लिखाण त्याच्या साहेबांच्या नावावर जाईल.

"नाव रिकामं ठेवता येत नाही, मावशी. टेम्पररी आहे."

"मग तुमचं घालायचं होतं."

त्याने पायांत चप्पल सरकवली.

साहेबांकडे गेला. परत आला आणि खरं काय ते सांगितलं. "साहेब म्हणतात, यादीत नाव घातलं तर उद्या या बाया म्हणतील आम्ही कंपनीच्या."

"आहोतच," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात बाहेरचे पाहुणे आले. साहेबांनी पडद्यावर माझं पान वाचलं, भुकटी चोळण्याचं. पाहुणे म्हणाले, वा, काय बारीक नजर आहे. मी ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, "साहेब, चोळून दाखवा की." साहेबांचा शर्ट पांढराशुभ्र होता.

ठेकेदाराने मला आठवडाभर घरी बसवलं. परतले तेव्हा शेठ दारातच उभा. "हो जाएगा, मावशी..."

"नाव तुमच्या एका बटणाने गेलं," मी म्हटलं. "ते आणायला कुणाची परवानगी लागते?"

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याने पापड पुढे केला की मी तोंड फिरवायचे. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगू नका. वाईट माणसावरचा राग लवकर विझतो.

पुढचं मला हजेरीच्या क्लार्कबाईंनी सांगितलं. खालचं नाव बदलता येईना, तेव्हा त्याने माझ्या प्रत्येक पानाची पहिली ओळच लिहिली: "हे पान सुकवणीतल्या बाईंचं," आणि पुढे माझं नाव. साहेबांनी खोडलं. त्याने परत लिहिलं. परत खोडलं, परत लिहिलं. कुणी काय केलं याची नोंद वही आपोआप ठेवते. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा लिहिलं त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. तो गेटबाहेर गेला तेव्हा मी भट्टीपाशी होते. मला कळलंही नाही.

दोन दिवसांनी क्लार्कबाईंनी जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. पडद्याकडे बोट दाखवून हसत होत्या. शेठचं नाव यादीतून गेलं, आणि त्याने घातलेल्या नियमाने त्याचं सगळं लिखाण साहेबांच्या नावावर आलं. आता नोंद अशी दिसत होती: साहेबांनी लिहिलं, साहेबांनी खोडलं, साहेबांनी लिहिलं, साहेबांनी खोडलं. आणि सगळ्यात शेवटी, साहेबांनीच लिहिलं की हे पान सुकवणीतल्या बाईंचं, आणि पुढे माझं नाव.

साहेबांनी ते पुन्हा खोडलं नाही. कुठल्या तोंडाने खोडणार?

"हसा की, मावशी," क्लार्कबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, शेठचं नाव शोधा. त्यांनी पानामागून पान उघडलं. ही वही कशी वापरायची, हे त्याने लिहिलेलं पहिलं पानही उघडलं. खाली साहेब.

"बंद करा ते," मी म्हटलं, आणि ट्रे काढायला गेले.