न बिघडणारी गाडी विकताना

पप्पांना गाडी विकता येत नव्हती, कारण ते तिच्याबद्दल खरं बोलत होते.

गाडी जपानी कंपनीची, डिकीवाली, चंदेरी रंगाची. मी प्राथमिक शाळेत असताना आली. मी नोकरीला लागले तरी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याचा गॅरेजवाला तिला बघून जागचा उठायचासुद्धा नाही. "साहेब, इस गाडी के भरोसे मेरा घर नहीं चलेगा," असं म्हणत ऑइल बदलायचा आणि परत पाठवायचा. सोसायटीतली एखादी नवी गाडी ढकलत गेटबाहेर न्यावी लागली की पप्पा बाल्कनीत उभे राहून हळहळायचे. त्यांचा चेहरा तेव्हा फार समाधानी दिसायचा.

विकायची कल्पना मम्मीची. तिचे गुडघे दुखतात आणि आमच्या गाडीची सीट खाली. बसताना ती देवाचं नाव घेऊन अंग सोडून द्यायची. उतरताना एक हात दाराला लागायचा, एक पप्पांना. "मला उंच गाडी हवी," ती म्हणाली. "सोसायटीत सगळे गाडीतून उतरतात. मी एकटी विहिरीतून वर येते." पप्पांना पटलं. मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. मी घरात कमीच बोलते. नातेवाईक म्हणतात, इंग्लिश मीडियमची आहे, हिला आपल्यात करमत नाही. ते खरं नाही, पण तेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

मला ती गाडी हवी होती. मी सुरतेबाहेर सचिन गावच्या एका कापड-डाइंगच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. आमच्या पर्वत पाटियाच्या घरून तिथे पोचेपर्यंत शेअर रिक्षा आणि बस, आणि दोन्हींत माझं लग्न ठरलं का हे विचारणारी एक तरी बाई असतेच. रविवारी सकाळी पप्पा मला गाडी शिकवायचे. गाडीत दोघांनाही समोर बघावं लागतं. कुणी आपल्या तोंडाकडे बघत नसलं की मला बोलायला सुचतं. पप्पांशी माझं जे काही बोलणं झालंय, ते बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये झालंय.

पहिलं गिऱ्हाईक साड्यांचे एक व्यापारी. गाड्यांतलं कळतं म्हणून सोबत मेहुण्याला आणलेलं. मेहुण्यानं पत्र्यावर टिचक्या मारल्या, रंगाखाली पुट्टी भरलीय का बघायला खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून फिरवलं. व्यापाऱ्यांनी विचारलं, "काका, गाडीमां कंई प्रॉब्लेम तो नथी ने?"

हा प्रश्न सुरतेत रीत म्हणून विचारतात. त्याला "मक्खन छे" म्हणायचं आणि घासाघीस सुरू करायची. पण पप्पांची सगळी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली. समोरचा काय लपवतोय हे शोधण्यात आयुष्य गेल्यावर स्वतः काही लपवायचं त्यांना जमत नाही.

"छे ने!" पप्पा उत्साहानं म्हणाले. डावीकडची मागची काच उतरताना आवाज करते. पुलावर चढताना एसी दमतो. आणि खाडीचं पाणी सोसायटीत शिरलं होतं तेव्हा गाडी दारांपर्यंत पाण्यात उभी होती. "पण सुकवली आणि पहिल्या चावीला चालू!" हे त्यांच्या मते गाडीचं कौतुक होतं.

व्यापारी मेहुण्याकडे बघायला लागले. जो माणूस एवढं आपणहून सांगतो, त्यानं न सांगितलेलं काय असेल? मेहुण्यानं आवाज खाली आणून विचारलं, "काका, आ गाडीमां कोई मरी तो नथी गयुं ने?"

चहा न घेताच दोघं गेले. दुसरं गिऱ्हाईक तर पाण्याची गोष्ट ऐकून गाडीत बसलंसुद्धा नाही.

"अहो, तुम्ही गाडी विकताय की कबुलीजबाब देताय?" मम्मी म्हणाली.

"मग काय, लपवून विकू?"

"लपवू नका. पण ती काच मुद्दाम उतरवून कशाला दाखवता?"

त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांना इतक्या आनंदानं पाणी नेऊन द्यायचे, की माझ्यात सुधारणा होतेय असं मम्मीला वाटलं.

मग आले ते काका. निवृत्त शाळामास्तर. त्यांच्याकडे अशीच गाडी होती, ती मुलानं नेली, म्हणून तशीच दुसरी हवी होती. पप्पांनी एकेक दोष सांगितला आणि काका हसत मान डोलवत राहिले. "मारी पण एवी ज हती! काच ज बोलती हती, बीजुं कंई नहीं." पाण्याची गोष्ट ऐकून तर त्यांनी पप्पांना टाळी दिली. पप्पांवर विश्वास ठेवणारा माणूस अखेर सापडला होता.

पप्पांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून चक्कर मारायला गाडी मी काढली. काका शेजारी, पप्पा काळा चष्मा लावून मागे. कॅनाल रोडला लागल्यावर काकांनी सहज विचारलं, "बेटा, तने केवी लागे छे गाडी?"

घरात माझी मराठी हो-नाहीपुरती आहे. इंग्लिश ऑफिसची. पण गुजरातीत मी लहानपणापासून रिक्षावाल्यांशी भांडत आलेय. त्या भाषेत मला लाजायची सवयच लागलेली नाही. मी समोर बघत म्हणाले, "बहु सरस छे, काका. मने जोईए छे. पप्पाने कहो ने, न वेचे."

मला हवी आहे, पप्पांना सांगा ना, विकू नका. एवढं सरळ वाक्य मी पप्पांसमोर कधी बोलले नव्हते, आणि आता बोलले तेही त्यांच्याकडे पाठ करून. आरशात नुसता काळा चष्मा दिसला.

काका मागे वळले. "साहेब, घराक तो आ बेठी! मने शुं काम बोलाव्यो?" गिऱ्हाईक तर घरातच बसलेलं, मग मला कशाला बोलावलं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी आमच्याकडे चहा घेतला, दोनदा घेतला, आणि गेले. मम्मीनं कपाळाला हात लावला. "आता यांना काय सांगितलंत?"

"मी काही नाही. ही बोलली."

"ही?" मम्मी खुर्चीत बसली, गुडघ्यांचा विचार न करता.

"तुला उंच गाडी येईल," पप्पा तिला म्हणाले. "ही जुनी हिला राहू दे." मग माझ्याकडे बघून, "रविवारच्या रस्त्यावर चालवणं वेगळं आणि सचिनचे ट्रक वेगळे. सुरुवातीला मी शेजारी बसणार." डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलं होतं, बसण्याबद्दल काही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून पप्पा सकाळी माझ्याबरोबर कारखान्याच्या गेटपर्यंत यायचे, तिथून बसनं घरी जायचे आणि संध्याकाळी परत बसनं मला घ्यायला यायचे. सुटायच्या तासभर आधीच. वॉचमननं त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवली. लॅबमधल्या मुली खिडकीतून बघून म्हणायच्या, "तेरे पापा आ गए." मला जमिनीत शिरावंसं वाटायचं.

एका सकाळी मी लवकर उठले आणि पप्पा आंघोळीला गेलेले बघून एकटीच निघाले. गेटवर वॉचमननं विचारलं, "साहब की तबियत ठीक है न?"

"ठीक है. आज मैं अकेली आई हूँ."

तो खुर्चीवरून उठला, गाडी उलटी लावायला मदत म्हणून मागे जाऊन उभा राहिला आणि सगळ्या शिफ्टला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायला लागला, "आने दो मैडम, आने दो!" विड्या ओढत उभी असलेली माणसं बघायला थांबली. मी रिव्हर्स टाकला.