पक्कड न देणाऱ्या नणंदबाई

आमच्या थोरल्या नणंदबाईंनी जन्मात कुणाचा चेहरा नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्या थेट तोंडात पाहायच्या. बाजारात बड्या फुहाऱ्यावर, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या चौकात, कापडाच्या दुकानात एखादी बाई ओळखीचं हसली, की मी आपली हिचं नाव काय, हिचं नाव काय म्हणून डोकं खाजवत राहायची, आणि नणंदबाई माझ्या कानाशी म्हणायच्या, "खालची उजवी सहावी. मागल्या दिवाळीत भरली. नाव नाही माहीत." दात मधल्यापासून मोजत मागे जायचं असतं आणि सहावी म्हणजे पहिली मोठी दाढ, हे ज्ञान मला त्यांच्याचमुळे झालं. त्यांना पाहायला आलेल्या मुलालाही म्हणे त्यांनीच "जरा आ करा" म्हटलं होतं. त्या बिचाऱ्याने केला. नणंदबाईंनी नकार कळवला, आणि कुठली दाढ आधी दाखवून घ्यावी तेही त्याच चिठ्ठीत कळवलं. पुन्हा कोणी पाहायला आलं नाही, आणि त्यांचंही काही अडलं नाही.

आम्ही तेव्हा शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात राहायचो. आमचे हे सरकारी हत्यारांच्या कारखान्यात मशीनशॉपचे चार्जमन, म्हणजे मुकादमच, आणि त्यांची ही मोठी बहीण त्याच कारखान्याच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरची मदतनीस. लोक समजत, मदतनीस म्हणजे चूळ भरायला पेला देणारी. तसं कुणी म्हटलं की नणंदबाईंचा पारा चढायचा. ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने सगळं मांडलेलं असे: तोंडात घालायचा छोटा आरसा, कीड चाचपायची वाकडी सळई, चिमटा, मग एक्सकॅव्हेटर, म्हणजे कीड खरवडायचा मोहरीएवढ्या वाटीचा चमचा. डॉक्टर रुग्णाच्या तोंडावरून नजर न काढता नुसता हात पुढे करी, आणि जे हवं ते मागायच्या आधी त्याच्या तळव्यात पडे. सहा वर्षांत त्या डॉक्टरने एकदाही काही मागितलं नव्हतं. माणूस तसाही अबोलच, मान खाली घालून काम करणारा. त्याचं सगळं बोलणं नणंदबाईच ओळखून घ्यायच्या.

हा क्रम घरीही चाले. ताटात मीठ कुठे, लिंबू कुठे हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं, पण नाही! "जे पहिले लागते ते डावीकडे," म्हणून पोळी मिठाच्या जागी जाऊन बसे. चमचे वीस मिनिटं उकळल्याशिवाय वरणात बुडायचे नाहीत. संध्याकाळी बायका देवासाठी वाती वळतात, तशा नणंदबाई दवाखान्यासाठी कापसाच्या सुरळ्या वळत, गालात ठेवायला. एका एकादशीला मी घाईत त्यातल्याच दोन निरांजनात लावल्या. आरतीला असा काही भडका उडाला की ह्यांच्या मिशीला जळका वास आला. "माझा माल देवाले काहून दिला?" एवढंच नणंदबाई म्हणाल्या. भावाच्या मिशीची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही.

मग लढाई आली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखाना तिन्ही पाळ्या धावू लागला, आमचे हे बारा-बारा तास तिकडेच. आणि दवाखान्यात हुकूम आला: लढाई असेपर्यंत दात भरायचे नाहीत. दुखला की काढायचा. भरायला तास जातो, काढायला दहा मिनिटं. माणूस लगेच मशीनवर परत.

नणंदबाईंनी हुकूम वाचला, सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रेमध्ये दात उपटायची पक्कड ठेवणंच बंद केलं. जो दात खरंच गेला त्याच्यासाठी ती कपाटातून निघे. बाकीच्यांसाठी डॉक्टरने हात पुढे केला की तळव्यात एक्सकॅव्हेटर. पहिल्या दिवशी डॉक्टरने हातातल्या चमच्याकडे पाहिलं, मग नणंदबाईंकडे. "दीदी, वो हुकूम..." "पहले खरोंच के तो देखो, डागदर साहब," असं म्हणेपर्यंत नणंदबाईंनी खलात चांदी आणि पारा घोटायलाही घेतला होता. तो मसाला थोड्याच वेळात दगडासारखा होतो, वाया गेला की गेला. डॉक्टरने सुस्कारा टाकला आणि दात भरला. आणि एवढं करून ही बाई रजिस्टरात ठसठशीत अक्षरात लिहायची, "भरला". चोरून करतील तर त्या नणंदबाई कसल्या!

घरी मात्र खरी लढाई जेवताना चाले. "तिकडे पोरं गोळ्या खाऊन राहिली," हे ओरडत, "अन् तुमच्या इथं एकेका दाताला घंटाभर लागून राहिला!" नणंदबाई शांतपणे पोळीचा तुकडा मोडत. "तुझ्या शॉपमधला तो लेथवरचा टर्नर किती वर्षांचा रे? बावीस. चार दाढा किडल्या आहेत. चारही उपटल्या तर लढाई संपल्यावर चणे कशाने खाणार तो? तुझ्या देशभक्तीनं?" मी वाढता वाढता हसले, तर ह्यांनी माझ्याकडेच डोळे वटारले.

तो टर्नर सव्वा तासाने, चारांतली एक दाढ भरून, हसत परत आला, तेव्हा ह्यांचं टाळकं सरकलं. ह्यांनी वर तक्रार लिहून दिली. डॉक्टरला ताकीद मिळेल, एवढाच ह्यांचा हिशोब होता. पण कारखान्याच्या मोठ्या साहेबाने रजिस्टर मागवलं, ती ठसठशीत अक्षरं पाहिली, आणि बोलावणं नणंदबाईंना आलं.

"हुकूम पढ़ा था?"

"पढ़ा था. सही भी मेरी है."

"फिर?"

"जो दाँत बच सकता है, उसके लिए पक्कड़ मैं नहीं दूँगी. आपको देनी है तो आप आके कुर्सी के पास खड़े हो जाओ, साहब. हाथ धोके आना."

लेखी माफी द्या नाहीतर खुर्चीजवळून हला, असा निकाल झाला. नणंदबाई त्याच दिवशी शेजारच्या, जखमांना पट्ट्या बांधायच्या खोलीत गेल्या. ह्यांचं तोंड असं उतरलं की मला दया यावी. पण मी काही दया केली नाही, चांगलं सुनावलं. ती खुर्ची म्हणजे त्या बाईचा संसार होता हो! ह्यांनी तीन दिवस बहिणीच्या विनवण्या केल्या. शेवटी स्वतःच माफीचा अर्ज लिहून आणला आणि म्हणाले, "ताई, नुसती सही कर." नणंदबाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. ह्यांनी "दाताचा चमचा" लिहिलं होतं, ते खोडून वर "एक्सकॅव्हेटर" केलं, आणि सही न करता कागद परत दिला. "आता बरोबर झाला. ठेव तुझ्याजवळ."

त्या खुर्चीपाशी नणंदबाई पुन्हा कधीच गेल्या नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशा धरू नये. लढाई संपली, हुकूमही गेला, पण माफीची अट राहिली आणि माफी काही आली नाही. त्या पट्ट्या बांधता बांधताच रिटायर झाल्या.

पण लढाई चालू असतानाच एक दिवस पेजेचं पातेलं उतरवताना माझा हात भाजला, आणि मी त्यांच्या खोलीत पट्टी बांधून घेत बसले होते. मध्ये फक्त लाकडी आडोसा; पलीकडे दातांची खुर्ची. कोणी पोरगा रुग्ण कण्हत होता. नवा मदतनीस हुकुमाप्रमाणे सगळं करायचा, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. काहीतरी जड लोखंड ट्रेमध्ये परत ठेवल्याचा आवाज आला. "पक्कड," नणंदबाई पुटपुटल्या. आणि मग त्या अबोल डॉक्टरचा आवाज, आधी अडखळत, मग सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा:

"ये नहीं. एक्सकॅव्हेटर दीजिए. दाँत बचेगा."

नणंदबाईंचा हात माझ्या पट्टीवरून उचलला गेला आणि आडोशाच्या दिशेने थोडा पुढे झाला. रिकामाच. त्यांनी तो पाहिला, मागे घेतला, आणि पट्टी पुन्हा गुंडाळायला लागल्या. मला तर रडूच फुटलं. पलीकडे दात खरवडल्याचा बारीक आवाज सुरू झाला होता.

"सहा वर्षं मी त्याला मागायची पाळीच येऊ दिली नाही, सुमन," त्या म्हणाल्या. "आज मागून राहिला पठ्ठ्या. अन् द्यायला मी नाही तिथं."