निळ्या पिशवीतली काठी

वडिलांची मासे धरायची काठी बांबूची आणि रीळ पितळेचं. रिळाची मूठ झिजली तेव्हा भोसरीच्या कारखान्यात त्यांनी स्वतःच लेथवर नवी काढून घेतली होती. मासा दोरा ओढायला लागला की ते असं कर्र कर्र वाजायचं की लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा. तो आवाज अजून कानात आहे. पण काठी पार जुनाट झालेली. म्हणून गेल्या महिन्यात मी मोठ्या हौसेनं कार्बनची हलकी, लांबलचक काठी आणून दिली, सोबत निळी पिशवी. वडिलांनी तिच्यावरून हात फिरवला आणि "झकास हाय" म्हणाले. निवृत्त माणूस, रोज इंद्रायणीवर जातो, निदान नीट सामान तरी वापरेल, असं मला वाटलं.

परवा चाकणला कंपनीत चहाच्या सुट्टीत मी हेच कौतुक सांगत होतो. आमच्या इलेक्ट्रिशियननं हातातला कप खाली ठेवला.

"राव, कार्बनमधून करंट जातो. वडील बसतात कुठं?"

वडील बसतात तो डोह हाय टेन्शनच्या तारांखालीच आहे. काठी डोक्यावर उंच न्यायची आणि गळ झोकायचा, हे मी जन्मभर बघत आलोय. तार लागायचीही गरज नाही, काठी नुसती जवळ गेली तरी माणूस जातो, असं तो म्हणाला. मी लगेच खिशातून फोन काढला. वडिलांना फोन लावला, तो आईनं उचलला.

"फोन घरीच ठेवून गेलेत. तुझी ती निळी पिशवी घेऊन."

कुणालाही न विचारता मी गाडी काढली. मोशीपर्यंत कंटेनरच्या रांगा, आणि मी प्रत्येक ड्रायव्हरच्या नावानं शिव्या घालत होतो. खरं तर शिव्या मलाच होत्या. एवढी अक्कल पाजळायला कुणी सांगितलं होतं?

काठावर ती निळी पिशवी पडलेली दिसली. रिकामी. पुढे झुडपापलीकडे वडील उभे होते, वर तारा गुणगुणत होत्या, आणि त्यांनी काठी उचलली. मी ओरडलो. त्यांनी दचकून वळून पाहिलं.

हातात बांबू होता. पितळी रीळ होतं.

"नवी कुठाय?"

"माळ्यावर. चांगली वस्तू कशाला नासवायची?" ते ओशाळले. "तुला वाईट वाटंल म्हणून पिशवी तेवढी घेतो."

नवे शर्टही ते असेच प्लास्टिकमध्ये जपून ठेवतात आणि त्यावरून मी कायम डाफरतो. बांबूचाही तारांखाली भरवसा नाही, म्हणून त्यांना दंडाला धरून आधी तिथून लांब नेलं. मग मातीत बसलो आणि मला रडूच फुटलं. कार्बनचं सांगायचं राहूनच गेलं.

वडील जवळ बसले. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतोस? उद्यापासून नवीच आणतो."