उतईकडच्या तलावाची पाळ

त्या घटनेला बरीच वर्षं झाली, पण ती आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येते ती पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातली पत्र्याची बादली आणि तिच्यात हात घालून उकिडवा बसलेला एक वयस्कर माणूस. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे चेहरे आता पुसट झाले आहेत. हा एक होत नाही.

छत्तीसगडात भिलाईहून उतईकडे जाताना गावागणिक तलाव लागतात. त्यांतल्याच एका गावाची ही हकीकत. कुणाचंही नाव घेणार नाही, कारण यातले बहुतेक जण हयात आहेत आणि एकमेकांच्या शेजारीच राहतात. मी तेव्हा त्या भागाचा ठाणेदार होतो.

दिवाळी उलटली होती, धान कापणीला आलं होतं आणि अवेळी पाऊस झोडपून गेला होता. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच फोन वाजला. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली, पाळीच्या पायथ्याशी झोपडीत झोपलेला राखणदार वाहून गेला. फोन करणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही, दुसऱ्याचं मात्र चटकन सांगितलं. पाळीखाली ज्याचं शेत आहे, तो शेतकरी उजाडता उजाडता फावडं घेऊन पाळीवर होता, म्हणे. निनावी खबर अगदीच खोटी क्वचित असते. पुरती खरीही क्वचितच असते.

आम्ही पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्या राखणदाराचा देह आडव्या पडलेल्या धानात सापडला होता. त्याचा मुलगा बापाचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसला होता. तलावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांपैकी हे एक. पंचनामा केला, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, प्रेत दुर्गला शवविच्छेदनासाठी पाठवलं. शेतकऱ्याला मात्र जमावाच्या हातून अक्षरशः ओढून काढावं लागलं. त्याचं फावडं पाळीच्या तुटलेल्या तोंडाशीच सापडलं होतं, ओल्या मातीने माखलेलं. त्यात आदल्या आठवड्यात राखणदाराशी त्याचं कडाक्याचं भांडण झालेलं. पाळीतून पाणी झिरपतं, माझं धान कुजतं, एक दिवस फोडूनच टाकतो ही पाळ, असं तो चारचौघांत बोलला होता. धमकी, हत्यार, साक्षीदार. कुठल्याही ठाणेदाराला ताटात वाढून मिळावी अशी केस.

चौकशीला बसवला तर तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"साहेब, मैं तो माटी पाटत रेहेंव. पानी जोर से निकलत रिहिस."

म्हणजे मी तर माती टाकून भोक बुजवत होतो. दरडावून विचारलं, चहा पाजून विचारलं, उलटसुलट विचारलं. उत्तर तेच, आणि तितकंच लंगडं. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला आपली गोष्ट थोडी सुधारतो, तिला टेका लावतो. याला टेका लावायचं सुचतच नव्हतं. आणि दुसरं असं की पाळ फुटली ती थेट याच्याच शेतावर. उभं पीक याचंच गेलं होतं. गावकऱ्यांचं म्हणणं, रागात माणूस स्वतःचंही घर जाळतो. तेही मी पाहिलेलं होतं, त्यामुळे मन पुढेही जाईना, मागेही येईना. दुसऱ्या दिवशी त्याला दुर्गच्या कोर्टापुढे उभं करायचं होतं, आणि एकदा मनुष्यवधाचं कलम लागलं की घरात बायको आणि लहान पोरी असलेला तो माणूस किती वर्षं आत राहील, हे मला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून हेड कॉन्स्टेबलला घेऊन पुन्हा पाळीवर गेलो. तोवर तलाव जवळजवळ रिकामा झाला होता. सकाळी आम्ही सगळे फुटलेल्या जागेकडेच पाहत होतो. आता पाळीची आतली बाजू उघडी पडली होती, एरवी जी पाण्याखाली असते ती. तिच्यात भोकंच भोकं. खांद्यापर्यंत हात जाईल एवढी खोल, एकाशेजारी एक.

"उंदीर असतील साहेब," हेड म्हणाला.

"पाण्याखाली? पोहायला शिकले का तुझे उंदीर?"

त्याने बाही वर करून एका बिळात हात घातला आणि शिवी हासडून बाहेर काढला. बोटं सोलली होती. मग गमछा गुंडाळून पुन्हा घातला आणि ओढून काढला एक मासा. काळा, अंगभर खरखरीत कवच, खालच्या अंगाला चिकटणारं तोंड. पाणी ओसरून इतका वेळ झाला तरी जिवंत. हा काय प्रकार आहे, असं मासेमारी करणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, हा जाळं फाडणारा मासा. अलीकडे हाच जास्त लागतो, रोहू-कतला कमी झाले. कुणी खात नाही, कुणी घेत नाही, म्हणून परत पाण्यात टाकून देतो.

मासा बादलीत घालून ठाण्यात आणला. मत्स्य खात्याचे एक अधिकारी दुर्गहून आले. त्यांनी पाहताक्षणी ओळखला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. घरातल्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो, म्हणून लोक हौसेने पाळतात. बोटाएवढा आणतात, तो हाताएवढा होतो. मोकळ्या पाण्यात सुटला की अंडी घालायला काठात बिळं करतो. इथे त्याला खाणारं कुणी नाही. पोखरलेली पाळ त्या पावसात तग धरणं कठीणच होतं, असं त्यांनी लेखी दिलं.

आता प्रश्न उरला, अमेरिकेतला मासा उतईकडच्या तलावात आणला कुणी? भिलाईतल्या कॅम्प-१ च्या बाजारात रंगीत मासे विकणारा एक दुकानदार होता, त्याला गाठलं. तो हसतच म्हणाला, "बड़ा हो जाता है तो लोग वापस लाते हैं साहब. हम बोल देते हैं, तालाब में छोड़ दो, पुण्य लगेगा." मग मी राखणदाराच्या मुलाला विचारलं, तलावावर बाहेरचं कोण यायचं? तो म्हणाला, एक मराठी कका रोज संध्याकाळी यायचे. ददाचे, म्हणजे त्याच्या बापाचे, दोस्त. माशांना मुरमुरे टाकत दोघं बसायचे.

हे काकाजी विदर्भातून आलेले. उभं आयुष्य भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीपुढे घालवून रिटायर झालेले. कंपनीचं क्वार्टर सोडून उतईला दोन खोल्या बांधून राहत होते. बोलावणं धाडलं तर स्वच्छ शर्ट घालून, सायकलवर आले. मित्राच्या मृत्यूबद्दल काही विचारायचं असेल, असं त्यांना वाटलं होतं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच त्यांची नजर व्हरांड्यातल्या बादलीकडे गेली.

"अरे! हे कुठं भेटलं तुमाले?" म्हणत ते उकिडवे बसले आणि त्यांनी पाण्यात हात घातला. ज्या माशाने हेडची बोटं सोलली होती, त्याच्या पाठीवरून ते गाय कुरवाळावी तसा हात फिरवत होते.

मी दुर्ग शहरातला मराठी माणूस, त्यामुळे मराठीतच विचारलं, "काकाजी, तलावात हे मासे तुम्ही सोडले?"

"व्हय. मीच सोडले. क्वार्टर खाली करा लागत होतं साहेब. नव्या घरात टाकी ठेवाले जागा नाई. मारू कसे? लेकरावानी वाढवले होते. आमच्या लाइनीतले अजून दोघं रिटायर झाले, त्याईचेही मीच घेऊन आलो. गटारात फेकून देत होते ते." मग ते थांबले. "कावून? काही चुकलं काय?"

तपासात असा क्षण येतो, जेव्हा समोरच्याला काहीच कळलेलं नसतं आणि आपल्याला सगळं कळलेलं असतं. एरवी त्या क्षणी मला समाधान वाटायचं. त्या दिवशी मला उठून आत निघून जावंसं वाटलं. पण कोठडीत एक निरपराध माणूस बसला होता. मी सांगितलं. बिळं, झिरपणारं पाणी, पाऊस, झोपडी.

काकाजींचा हात बादलीतच राहिला. मग म्हणाले, "मासे सोडले त्या दिवशी बकेट माह्या दोस्तानंच धरली होती, साहेब. मले म्हणे, सोडून दे, इथं मी हावो ना, मी पाहीन त्याईले."

मी शेतकऱ्याच्या सुटकेचा अहवाल कोर्टात दिला. सुटल्यावर त्याने मला नमस्कार केला नाही, गावात कुणालाच केला नाही. ते मला बरोबरच वाटलं. काकाजींवर काय लावायचं, याचा वरिष्ठांशी खल झाला. शेवटी अपघाती मृत्यू म्हणून मर्ग बंद झाला. पण काकाजी म्हणाले, "त्याच्या पोराले मीच सांगतो. तुमी फक्त संगं चला."

मुलाने सगळं ऐकून घेतलं, जागचा हलला नाही. मग घरात गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही अंगणात उभे. मला वाटलं, आता हा काठी घेऊन बाहेर येतो. दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात काहीच नव्हतं.

"काली बिहनिया आबे कका," तो म्हणाला. "मछरी ल तैंच चीन्हथस."

उद्या सकाळी या काका, ते मासे तुम्हीच ओळखता. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघांनी चिखल उपसून एकेक बीळ रिकामं केलं आणि जे सापडले ते सगळे पुरले. काकाजी एकेक मासा स्वतःच्या हाताने खड्ड्यात ठेवत होते. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आम्हा पोलिसांना हेतू शोधायची सवय. नुकसान मोठं असलं की वाईट माणूस कुठेतरी असणारच, असं धरून आम्ही निघतो. इथे शेतकरी पाळ बुजवत होता, राखणदार मित्राचं मन राखत होता, काकाजी जीव वाचवत होते. आणि एक माणूस मेला. दया करणाऱ्यालाही माहिती असावी लागते, एवढं साधं मला तोवर कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या वेळी आमच्यापैकी कुणीच मोठ्याने बोललं नाही. फुटलेल्या तलावाचं पाणी शेतांतून नाल्यात गेलं होतं, आणि तो नाला शिवनाथ नदीला मिळतो. पुढे काकाजी भेटले की दर वेळी विचारायचे, "नदीत तं नाई ना गेले, साहेब?" मी म्हणायचो, कुणी पाहिले नाहीत.

रिटायर झाल्यावर मी दुर्गला सकाळी नदीकाठी फिरायला जातो. एक दिवस एका गळवाल्याच्या पायाशी तो काळा मासा दिसला. घरी आलो, चहा घेतला आणि उतईला गेलो. काकाजींनी मला कधीही खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं. त्यांनी मासा केवढा होता, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "मले घेऊन चला तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटावर गेलो. एका तरुणाच्या गळाला तसाच मासा लागला होता. त्याने तो हळूच सोडवला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "किसी काम का नहीं है. छोड़ देता हूँ बेचारे को." तो पाण्याकडे वाकला, तोच काकाजींनी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं.

"मत छोड़ना, बेटा," ते म्हणाले. "मैंने छोड़ा था."